पायाळूची कंबर

प्रेमिलाच्या पत्राचे उत्तर राहून गेले, असे यादोराव स्वतःला सांगत आले होते. राहून जायला ते काही छत्री नव्हते. पत्र आले तेव्हा आंब्याला मोहोर होता, आता धानाच्या लोंब्या वाकू लागल्या होत्या, आणि एवढा सारा काळ ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात राहून घडीवर विरले होते. पत्रात भानगडीचे काही नव्हते. मुलगा आता धरून बसतो, खाली दोन दात आले आहेत, रडतो तेव्हा आजोबांसारखी भुवई वर करतो असे इथे म्हणतात, त्यांनी तुम्हाला लग्नात पाहिले तेवढेच. आणि शेवटी: 'बाबा, न्यायला केव्हा येता? सासूबाई विचारतात. मी सांगते, येतील.' मुलगी माहेरी येते ती कुणी न्यायला गेल्यावर. आपण होऊन आलेल्या मुलीचा जो अर्थ तिच्या सासरी अर्जुनी मोरगावात निघतो तोच गोंदियातही निघतो. प्रेमिलाला भाऊ नव्हता, आई नव्हती. न्यायला जायचे ते यादोरावांनी, आणि छोट्या रुळाच्या गाडीत बसले की अर्जुनी काही विलायतेत नव्हती. बाळंतपणालाही त्यांनी तिला आणले नव्हते. आई नाही, आत्या म्हातारी, ही सबब तेव्हा चालून गेली. एकदा चाललेली सबब दुसऱ्यांदा लंगडते हे त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी दुसरी सबब दिलीच नाही. गप्प राहिले. गप्प राहण्याला निदान खोटे म्हणत नाहीत.

त्या दुपारी वाचनालयात त्यांना शिंक आली. शिंक ही काय सांगायची गोष्ट! राइस मिलांचा कोंडा गोंदियाच्या हवेत कायमचा तरंगतो, सारे गाव शिंकते. पण गेली काही वर्षे यादोराव शिंकेला भीत होते. ती येते आहे असे नाकाच्या मुळाशी कळले की ते हातातले काम टाकीत, भिंत नाहीतर टेबल धरीत, गुडघे जरा वाकवीत आणि मारायला उगारलेल्या हाताखाली पोर डोळे मिटते तसे डोळे मिटून वाट पाहत. आज हातांत जुन्या मासिकांचा गठ्ठा होता. धरायला काही मिळाले नाही. शिंक आली आणि कंबरेच्या खालच्या अंगाला ओली काडी मोडावी तसे झाले. तिथून डाव्या कुल्ल्यात, मांडीच्या मागून, पोटरीतून, घोट्याच्या बाहेरच्या कडेने थेट करंगळीपर्यंत कुणी तापलेली तार ओढीत नेली. गठ्ठा खाली पडला. ते टेबलापर्यंत कसेबसे गेले आणि टेबलाला धरून उभे राहिले. चेहरा मात्र त्यांनी काहीतरी आठवत असलेल्या माणसाचा केला. हा चेहरा त्यांना आता जमू लागला होता.

"मास्टरजी," खिडकीजवळच्या बाकावरून छोटेलाल म्हणाले, "आपकी चप्पल फिर पीछे रह गयी."

छोटेलाल तेंदूपत्त्याचे व्यापारी. दुपारी दुकान मुनिमावर टाकून ते इथे येत आणि सारे वर्तमानपत्र अर्ध्या आवाजात वाचीत. यादोरावांनी मागे पाहिले. डाव्या पायातली चप्पल खोलीच्या मध्यावर एकटी पडली होती, तिच्याभोवती मासिके. ती पायातून केव्हा गेली ते त्यांना कळले नव्हते.

"सैल झाली आहे," ते म्हणाले.

"पिछले साल भी ढीली थी. नयी ली, वो भी ढीली. चप्पल तो ठीक है, महाराज, पाँव का इलाज कराओ," छोटेलाल हसत म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

यादोराव खुर्चीवर टेकले. टेकले म्हणजे उजव्या अंगावर, डावा पाय पुढे सोडून, जसे ते आता नेहमी बसत. 'पाँव का इलाज.' थट्टेत बोललेले वाक्य थट्टा संपल्यावरही खोलीत राहते. सगळ्या गोंदियात पायावरून ज्याची थट्टा होऊ नये असे कुणी असतील तर ते यादोराव होते, कारण यादोराव पायाळू होते. जन्माला येताना त्यांचे डोके आधी न येता पाय आधी आले होते. अशा माणसाच्या पायात गुण असतो. कुणाची कंबर धरली, पाठीत चमक भरली, ओझे उचलताना लचक आली, की त्याने रविवारी नाहीतर बुधवारी उपाशीपोटी येऊन उंबऱ्यापाशी पालथे पडायचे आणि पायाळूने त्याच्या कंबरेवरून डावा पाय तीनदा फिरवायचा, तिसऱ्यांदा हलकीशी लात द्यायची. दोघांनी बोलायचे नाही. गेलेल्याने मागे वळून पाहायचे नाही. कामठ्याला, त्यांच्या मूळ गावी, घरापुढे रोवणीच्या दिवसांत सकाळी माणसे रांगेने पालथी पडलेली असत, दिवसभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्यांच्या कंबरा त्या. आणि झोपेतून उठवलेला पाच-सहा वर्षांचा यादो मोठ्या बहिणीचे, देवकाचे, बोट धरून एकेकाच्या पाठीवर पाय ठेवीत जाई. त्या वयातले त्याला दुसरे फारसे आठवत नव्हते, पाठी आठवत. ओल्या, उन्हाने तापलेल्या, घामाच्या, गेरूसारख्या खरबरीत. एका म्हातारीची पाठ सुपासारखी आत गेली होती. पाठ पायाखाली किंचित हलायची, श्वास घ्यायची, आणि लात बसली की तिच्यातून एक सुस्कारा निघायचा. पुढे शिकला, मास्तर झाला, पुस्तके वाचली, या गोष्टीत तथ्य नाही हे त्याला समजले. तरी पाठ पुढे आली की पाय उचलला जायचा. मास्तरकी संपून वाचनालय हाती आले तरी देवकाबाई रविवारी सकाळी कुणाला ना कुणाला उंबऱ्यात पाडून ठेवीतच असत. नाही म्हणण्याचा स्वभाव नव्हता. आणि, स्वतःशी तरी खोटे कशाला बोला, माणसे उठताना "बरं वाटलं मास्तर" म्हणत, ते बरे लाजरेपणाने का होईना त्यांनाही वाटे.

देवकाबाईंचे एक वाक्य होते. लहानपणी शेजारच्या कुणी विचारले, का वो देवका, तुझा भाऊ साऱ्याइच्या कंबरा सोडवून राहिला, त्याची धरली तं कोन लात मारन? तर देवका मान उडवून म्हणाली होती, "पायाळूची कंबर कधी धरत नसते, मावशी." तेव्हापासून ते वाक्य घरात होते, जात्यासारखे, हलवायचे कुणाच्या मनात आले नाही. आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी पुस्तकांच्या पेटीचे एक टोक उचलताना यादोरावांच्या कंबरेत काहीतरी सुटले, तेव्हा पेटी हळूच खाली ठेवता ठेवता त्यांच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच. पायाळूची कंबर धरत नसते. म्हणजे ही कंबर धरलेली नव्हे. म्हणजे हे दुसरे काहीतरी आहे. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात हे किती सहज आले आणि किती घट्ट बसले याची त्यांना पुढे लाज वाटली, पण बसायचे ते बसले होते. त्या समजुतीला ते वरून हसत आणि खालून तिच्यावरच घर बांधीत. हे दुसरे म्हणजे काय, एवढाच प्रश्न उरला. त्याचे उत्तर वाचनालयातच होते.

घरगुती औषधांचे एक जाड पुस्तक होते, पुठ्ठा गेलेले. त्यात कण्याच्या क्षयाचे एक पान होते. पाठीत सतत दुखणे, वाकता न येणे, पायात मुंग्या, पायाची ताकद जाणे, अंग झडणे, उतारवयातही शक्य, घरात क्षयाचा रोगी असल्यास विशेष. शेवटच्या पाच शब्दांशी ते थांबले आणि तिथून पुढे गेलेच नाहीत. सुलोचना, त्यांची बायको, क्षयाने गेली होती. छातीच्या. प्रेमिला तेव्हा सहा वर्षांची. मागच्या पडवीत सुलोचनेची खाट होती आणि पडवी आणि घर यांच्यामध्ये यादोरावांनी शाळेतल्या खडूने एक रेघ मारली होती. डॉक्टरांनीच सांगितले होते, पोरीला दूर ठेवा. रेघ पुसली जाई, ते पुन्हा मारीत. प्रेमिला रेघेच्या अलीकडे बसून आईला शाळेतले म्हणून दाखवी, आणि सुलोचना पलीकडून ओठ हलवून साथ करी, कारण आवाज काढला की खोकला येई. एकदा पोरीचा चेंडू रेघेपलीकडे गेला. सुलोचनेने तो उचलला, पदराने पुसला, पुन्हा पुसला आणि मग परत न देता स्वतःजवळच ठेवला. त्या चेंडूकडे पाहणारी प्रेमिला यादोरावांना अजून दिसे. ते पुस्तक त्यांनी कपाटातून काढून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवले, दुसऱ्या कुणी ते पान वाचू नये म्हणून. कुणी मागितले तर बाहेर गेले आहे म्हणून सांगत. आणि रेघ मारली. या खेपेला खडू लागला नाही. नुसते न जाणे, न बोलावणे, उत्तर न देणे पुरत होते. रेघेच्या अलीकडे कोण आहे आणि पलीकडे कोण, एवढेच बदलले होते. नातवाला दोन दात आले. भुवई वर करतो. इथे शिंक आली की यादोराव आधी खिडकीकडे तोंड वळवीत.

कुणाला सांगावे, तर कुणाला? देवकाबाईंना सांगितले की साऱ्या आळीला कळणार. मग रविवारची माणसे येणार नाहीत, मग वाचनालयाचे पंच पेला वेगळा ठेवणार, मग प्रेमिलाच्या सासरी कुणीतरी सांगणार की हिच्या माहेरी आईला होता, आता बापालाही आहे. मग प्रेमिलाकडेच लोक पाहू लागणार, तिचा खोकला मोजणार. नाही सांगितले तर आहेच. असे दोन्ही बाजूंनी भिंत होती आणि मधली जागा एका माणसाला बसण्यापुरतीही नव्हती, कारण बसले की दुखत असे. उभे राहिले की पाय बधिर होई. निजले तर कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि कूस बदलायची म्हणजे आधी तिचा विचार करावा लागे. शरीर म्हणजे आपण, असे धरून माणूस जगतो. यादोरावांना वाटे की आपल्याला कुणीतरी अरुंद भाड्याच्या खोलीत ठेवले आहे आणि घरमालक रोज एक एक वस्तू आत आणून टाकतो आहे. देवकाबाई बोलत ते वेगळेच. "जावई बेणं मुजोर आहे, पोरीले धाडत नाही," त्या दळता दळता म्हणत. "तू पत्र काऊन नाही टाकत त्याले? दोन शब्द खडसावून लिव ना. मास्तर होतास का बाहुला?" जावयाचा काही दोष नव्हता. तो निमूटपणे भाताच्या बांधावर राबणारा साधा माणूस होता. यादोराव त्याच्या वाट्याला आलेल्या शिव्या ऐकत आणि ताटातला भात कालवीत राहत.

शिंकेनंतरच्या रविवारी मनिराम आला. मिलमध्ये पोती वाहणारा, थोराड, हसरा. उंबऱ्यात पालथा पडला तेव्हा अर्धी पडवी भरली. देवकाबाईंनी नेहमीप्रमाणे ओठांवर बोट ठेवले. यादोरावांनी भिंतीचा आधार घेतला, डावा पाय उचलला. उचलताना मांडीच्या मागची तार ताणली गेली आणि त्यांनी दात आवळले. पाय मनिरामच्या कंबरेवर ठेवला आणि त्यांना काही लागले नाही. टाच लागली. अंगठा लागला. पण पायाची बाहेरची कड, करंगळी, जिने आयुष्यभर पाठी ओळखल्या, तिथे पाठ नव्हती. जोडा घालून चाललो तर जमीन लागते तेवढेही नाही. त्यांनी खाली पाहिले. पाय पाठीवर होता, डोळ्यांना दिसत होता. गुण गेला, असे त्यांच्या मनात आले, अगदी स्पष्ट, कामठ्याच्या बोलीत: पायातला गुन गेला. ज्या गुणावर आपला विश्वास नाही तो गेल्याचे एवढे भय का वाटावे, हे त्यांना कळेना. त्या भयातच दुसऱ्यांदा पाय फिरवला, तिसऱ्यांदा लात देताना पोटरीने दगा दिला, तोल गेला, आणि त्यांचा सगळा भार त्या एका पायावर, म्हणजे मनिरामच्या कंबरेवर आला. भिंत हाती आली म्हणून पडले नाहीत. मनिराम "आई गे" म्हणून किंचाळला. बोलायचे नसते. देवकाबाईंनी कपाळाला हात लावला. मनिराम हळूहळू उठला, कंबर दोन्ही हातांनी धरली, इकडे तिकडे वळवून पाहिली.

"मास्तर," तो म्हणाला, "आज तं रेल्वेच आनली तुमी पाठीवर."

"फार लागलं?"

"लागलं तं. पन लागलं म्हनजे गुन येईन. नुसती गुदगुली कायच्या कामाची?" आणि मागे वळून न पाहता, वाकडा वाकडा चालत, तो गेला.

तो वाकडा गेला तसे यादोराव दिवसभर मनात चालत राहिले. पाय किती दाबला हे त्यांना कळले नव्हते. पाठ सरळ होती की नव्हती, कळले नव्हते. आणि हा रोग पायावाटे जात असेल तर? इतक्या माणसांच्या उघड्या पाठी! पुस्तकात तसे काही नव्हते, पण पुस्तकात ते नाही असेही नव्हते. स्वतःला कोंडून घेणे त्यांना जमले असते, जमतच होते. मनिरामची पाठ मात्र कोंडता येण्यासारखी नव्हती. ती सोमवारी पुन्हा पोत्याखाली जाणार होती. आठवडा संपायच्या आत, वाचनालयासाठी पुस्तके पाहून येतो असे सांगून, ते नागपूरच्या गाडीत बसले. बसले कुठले, भंडारा रोडपर्यंत दाराशी उभेच होते.

मोठ्या इस्पितळातला डॉक्टर त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचा होता. त्यामुळे यादोरावांचा धीर आणखी सुटला. इतक्या लहान माणसाला इतकी मोठी गोष्ट काय कळणार, आणि कळली तर त्याला ती सांगावी कशी लागणार! त्यांनी ठरवून आणलेली वाक्ये बोलायला सुरुवात केली, बायकोच्या दुखण्यापासून. डॉक्टरने ऐकून घेतले आणि मग विचारले ते भलतेच.

"चप्पल सुटते का हो तुमची?"

यादोराव त्याच्याकडे पाहत राहिले. "डावी," ते म्हणाले.

"आणि शिंकल्यावर? शौचाला जोर केल्यावर?"

"तार ओढल्यासारखी... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अजून कुणी नाही. निजा पाहू. उताणे."

लोखंडी टेबल गार होते. डॉक्टरने त्यांचा डावा पाय टाचेखाली हात घालून, गुडघा वाकू न देता, हळूहळू वर उचलायला सुरुवात केली. यादोराव छताकडे पाहत होते. आयुष्यात त्यांनी हा पाय किती पाठींवर उचलला असेल. तो दुसऱ्या कुणी उचलण्याची, आईनंतर, ही पहिलीच वेळ. मग पाय जरासा वर गेला आणि तार पेटली, ते ओरडले. डॉक्टरने पाय खाली ठेवला आणि उजवा उचलला. उजवा वर गेला आणि दुखले ते डावीकडे. "बघा," डॉक्टर स्वतःशीच म्हणाला, कोडे सुटत चाललेल्या पोराच्या सुरात. रबरी हातोडीने त्याने टाचेच्या वरच्या शिरेवर मारले; उजवे पाऊल दचकून हलले, डावे झोपलेल्यासारखे पडून राहिले. टाचणी टोचत त्याने पायाभोवती फिरवली. "इथे? इथे? आणि इथे?" करंगळीच्या कडेला टाचणी टोचते आहे की नुसती टेकते आहे हे यादोरावांना सांगता येईना. चवड्यांवर उभे राहायला सांगितले तर उजवी टाच उचलली आणि डावी उचलायची राहून गेली. मग कंबरेचा फोटो, छातीचा फोटो, रक्त, थुंकी. दोन दिवस धर्मशाळेच्या फरशीवर काढून यादोराव पुन्हा त्याच्यापुढे उभे राहिले. वाट पाहण्यात त्यांचा हातखंडा होता, पण ते दोन दिवस त्यांना जड गेले, कारण या खेपेला वाट पाहण्याला शेवट होता.

डॉक्टरने फोटो खिडकीच्या काचेला लावून धरला. काळ्या पाण्यात मणके एकावर एक दिसत होते, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांसारखे.

"हाड कुठं खाल्लेलं नाही. कडा बघा कशा स्वच्छ आहेत. छाती साफ. क्षय नाही तुम्हाला."

यादोरावांना ऐकू आले, पण ते आत शिरेना. इतके दिवस राहिलेला पाहुणा नुसते 'जा' म्हटल्याने जात नाही. "मग हे काय आहे?" त्यांनी विचारले, आणि आपल्या आवाजात तक्रार आहे असे त्यांना वाटले.

"दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरून चिवट, आत मऊ. तुमच्या सर्वांत खालच्या मणक्याखालची गादी फाटली आणि आतला गर मागे सरकला. तिथून पायाची शीर निघते. गर तिच्यावर दाबतो. दुखणं कंबरेत आहे, बोंब मारतो तो पाय. शिंकलात की दाब वाढतो, बोंब वाढते."

"तेंदूचं पिकलं फळ दाबलं की देठाकडून गर येतो, तसं?"

"अगदी तसं," डॉक्टर खूश झाला.

"यात ती कुठं दिसते?"

"गादी फोटोत येत नाही. हाडं येतात. इथं बघा, वरच्या साऱ्या फटी रुंद आहेत, ही एकच अरुंद आहे. एवढंच दिसतं. बाकीचं तुमच्या पायानं सांगितलं."

यादोराव त्या अरुंद फटीकडे पाहत राहिले. जे दिसत नाही ते तिथे होते. त्यांनी इतक्या पुस्तकांतून, इतक्या वर्षांत, एकच पान वाचले होते. त्याच्या मागच्या पानावर कदाचित हे असेल. मग जे विचारायला ते खरोखर आले होते ते त्यांनी विचारले, खाली पाहत, शर्टाचे बटण फिरवीत. "मला एक नातू आहे. अजून पाहिला नाही. त्याला जवळ घेतला तर..."

"उचलायचं नाही हं," डॉक्टर पटकन म्हणाला. "बिलकूल नाही."

खिडकीतला फोटो, डॉक्टरचा हात, सारे दूर गेले. म्हणजे आहेच. म्हातारा म्हणून लपवताहेत. लहान वयाच्या माणसाला खोटे नीट बोलता येत नाही.

"म्हणजे... मुलाला धोका..."

"मुलाला? मुलाला कसला?" डॉक्टरने चष्मा काढला. "अहो, धोका तुमच्या कंबरेला. वजन उचलायचं नाही. खाली बसा, भिंतीला टेका, आणि कुणाला तरी मूल मांडीवर ठेवू दे. मग हवं तेवढं घ्या. तोंडाला तोंड लावा, मुके घ्या. हा रोग कुणाला लागत नाही, मास्तर. ज्याचा त्याचा असतो."

फळीवर निजणे, पट्टा, वाकायचे नाही, काही महिने. बरे होईल का? बहुधा कमी होईल. पूर्ण? डॉक्टरने हाताचा पंजा हवेत हलवला. दुखणे बरोबर घेऊनच यादोराव परत आले. गाडीत त्यांनी उत्तराचा मजकूर जुळवला, आमगावच्या बाजूचा कुणी शेजारी बोलू लागला तेव्हा तो मोडला. घरी आल्यावर फळी टाकली, देवकाबाईंना सांगितले, गादी टोचते. उत्तर लिहिले नाही. आता काय अडले होते? डॉक्टर चुकला असेल तर, हे अडले होते. फोटो दुसऱ्याच कुणाचा असेल तर. आणि त्याहून खाली, तळाशी, तेच जुने जाते जागच्या जागी होते: पायाळूची कंबर धरत नसते. नागपूरच्या इस्पितळाला हे ठाऊक नव्हते. कुणी त्यांना सांगितलेच नव्हते.

रविवारी सकाळी मनिराम पुन्हा आला. अजून वाकडाच होता, पण तोंड हसरे. "अजून एक डाव रेल्वे येऊ द्या, मास्तर," म्हणून तो उंबऱ्यात पडू लागला.

"पडू नको," यादोराव म्हणाले.

"काऊन?"

"लात द्यायची नाही मी आता. तुझ्या पाठीतही मणक्याची गादी सरकली असेल, लातेनं आणखी सरकेल. नागपूरला दाखव. मी पत्ता देतो."

देवकाबाई चुलीपासून उठून आल्या. "काय लावलं हे? उपाशीपोटी येऊन राहिला तो. दे ना लात."

"माझी कंबर धरली आहे," यादोराव म्हणाले. एवढे चार शब्द बोलायला तीन वर्षे लागतात यावर, कुणी सांगितले असते तर, त्यांनी विश्वास ठेवला नसता. "तीन वर्षं झाली. पाय बधिर आहे. मनिराम, त्या दिवशी तुझी पाठ मला लागलीच नाही."

यादोराव बहिणीकडे पाहत होते. आता ते वाक्य येणार, ते जिथून आले त्याच तोंडून.

"तं मंग?" देवकाबाई म्हणाल्या. "त्यात तोंड लपवाले काय झालं?"

"पायाळूची कंबर धरत नसते ना!"

"कोन म्हनलं?"

"तू. कामठ्याला. शेजारच्या मावशीला."

देवकाबाईंनी आठवून पाहिले. काही आठवलेले दिसले नाही. "म्हनलो असन. लहान होतो. म्हनाले काय जाते? वैदाले ताप येत नाही का? न्हाव्याचे केस वाढत नाही का?" मग एकदम त्यांचा आवाज चढला. "तीन वर्सं! आनि मी तुले पान्याच्या गुंड्या उचलाले लावून राहिलो! येडा आहेस का गा? मायच्या पोटातून उलटा आला, तवापासून उलटाच चालून राहिला!"

मनिराम हसू आवरीत उंबऱ्यातून उठला. "मंग आता आमी कोनाकडं जाव?" तो म्हणाला, आणि त्याच्या हसण्यात खरी चिंता होती. यादोरावांजवळ त्याला द्यायला एक पत्ता होता फक्त. तो त्यांनी दिला. मनिरामने चिठ्ठी उलटसुलट पाहून टोपीत ठेवली, आणि जाताना, सवयीने, मागे वळून पाहिले नाही.

दुपारी यादोरावांनी उत्तर लिहिले, उभ्याने, खिडकीच्या फळीवर. चार कागद फाडले. पहिल्या तिन्हींत सारे कारण होते, सुलोचना होती, रेघ होती, चेंडू होता. चौथ्यात कारण बसेना, कागद लहान वाटू लागला. पाचव्यावर एवढेच आले: 'चि. प्रेमिलास अनेक आशीर्वाद. दिवाळीच्या आधी न्यायला येतो. उत्तराला उशीर झाला, त्याचे कारण समोर सांगेन. तुझ्याकडे किंवा जावईबापूंकडे दोष काही नाही, असे सासूबाईंना सांग. माझी कंबर धरली आहे, त्यामुळे मुलाला गाडीत तुलाच घ्यावे लागेल. मी बसलो की माझ्या मांडीवर ठेव.' शेवटचे वाक्य त्यांनी खोडले, मग खोडलेल्या ओळीच्या वर पुन्हा लिहिले.

स्टेशनवरचा टपालाचा डबा वाचनालयाजवळच्या टपालपेटीपेक्षा खात्रीचा, म्हणून ते स्टेशनापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा थांबले. मिलच्या भिंतीशी कोंडा उडत होता. चप्पल एकदा सुटली. वाकायचे नव्हते म्हणून त्यांनी उभ्या उभ्या पायाने चाचपून ती पुन्हा घातली, करंगळीला न विचारता. लाल डब्यापुढे आले आणि मनात सारे पुन्हा सुरू झाले. डॉक्टर लहान आहे. फोटो दुसऱ्याचा असेल. उद्या टाकू. सकाळी आणखी एकदा वाचून टाकू. हात खिशात होता आणि खिशात दोन पत्रे होती, एक जुने, एक नवे, आणि बोटांना क्षणभर कोणते कोणते कळेना.

तेवढ्यात नाकाच्या मुळाशी ती आली. त्यांनी डबा धरला, गुडघे वाकवले. शिंक आली, जोरात, आणि खालच्या मणक्याशी काडी मोडली, कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून तार ओढली गेली आणि जिथे टाचणी कळली नव्हती तिथे जाऊन विझली. डोळ्यांत पाणी आले. डब्याला धरून ते तसेच उभे राहिले. फलाटावरचे कुणीतरी पाहत होते. या खेपेला त्यांनी चेहरा बदलला नाही. गर, शीर, पाय, असे ते तारेबरोबर मनात एकेक ठिकाण मोजत खाली गेले आणि परत वर आले. खिडकी शोधायची, तोंड वळवायचे, असे काही त्यांना सुचलेच नव्हते, हे त्यांच्या आता लक्षात आले.

पाठ हळूहळू सरळ झाली. पूर्ण झाली नाही. त्यांनी नवे पत्र काढले, पत्ता एकदा पाहिला आणि डब्यात सोडले. डबा नुकताच रिकामा झालेला असावा. पत्र तळाला लागल्याचा आवाज त्यांना ऐकू आला.